भिंतीवरचं हँडल

झाडू.

माझ्या आईचा उजवा खांदा, आतून नवा, धातूचा.

बागेला पाणी घालायची नळी.

मे महिन्यातला रविवार. चर्चच्या आवारात ओळीने मोटरसायकली आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत फिरणारे फादर.

अमेरिकेत, मिलवॉकीत आमच्या क्लबचा मोसम या आशीर्वादाने सुरू होतो. मग रांग सरोवराच्या काठाने निघते. सर्वांत पुढे माझी आई, लॉरेन. ती जागा दरवर्षी तिचीच. यंदा मात्र तिच्या गाडीच्या उंच हँडलवर खांदा टिकेना.

"तीनचाकी मोटरसायकल घे," ड्वेन म्हणाला. तो क्लबातला, तिच्याच वयाचा. "पुढे मी राहतो."

"तू पुढे राहिलास तर सगळे थेट बारमध्ये पोचतील."

मी दुकानातून दोन हँडलं आणली. आमच्यात सगळे करतात तेच केलं: गाडी स्टँडवर, आपण दहा पावलं लांब, आणि नुसतं बघायचं. सपाट हँडल झकास दिसत होतं. आई बसली तर टाकीवर ओणवी झाली. रुंद हँडल त्याहून देखणं. त्यावर तिची मनगटं वळेनात.

"आई, तुला फोटो काढायचाय की गाडी चालवायचीय?"

"दोन्ही."

ड्वेनने गॅरेजच्या कोपऱ्यातला झाडू उचलला. "बस. डोळे मीट. हात सैल सोड. आता उचल, सुख वाटेल तिथवर."

आईच्या मुठी वर आल्या आणि पोटाजवळच थांबल्या. ड्वेनने त्यांच्याखाली झाडूचा दांडा आडवा धरला.

"लॉरेन, हे तर आजोबा लोकांचं हँडल."

आईने डोळे उघडले. तिने दांड्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिथे बैलाच्या शिंगांसारखा मागे वळलेला एक गंजका पाइप होता, त्यावर नळी गुंडाळलेली.

"कॉनी, नळी काढ."

गंज मी घासला, चकाकी तिने आणली. बसवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं. एकही केबल ताणली नाही.

रविवारी आई पुढे होती. पाठ ताठ, कोपरं सैल, हँडलवर आशीर्वादाचे थेंब. फादर मागच्या गाडीकडे जायचं विसरून बघत राहिले.

"मागून बरी दिसतेस," ड्वेन म्हणाला.

"तुला तेवढंच दिसणार आहे," आई म्हणाली आणि निघाली.

ते हँडल १९८४ साली तिनेच काढून भिंतीवर टांगलं होतं, म्हाताऱ्यांचं दिसतं म्हणून.