एकदा रचलेली परडी

"पंधरवड्यापूर्वी हेच विचारून गेलीस ना गं? तेव्हा काय चुकलं माझं?" रास्मिनीने विचारलं. तिच्या मांडीवर नारळाच्या कोवळ्या पानांची नैवेद्याची परडी होती.

"चुकलं काही नाही, मेमे. दोनदा विचारायचंच असतं."

दवाखान्यातली परिचारिका सुकर्ती थोरल्या बायकांना 'मेमे', म्हणजे आई, म्हणत हेच सांगत गावभर फिरत होती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार ओळखायचे प्रश्न परदेशातून आले होते. ते बालीच्या भाषेत उतरवून झाले होते. आता इथल्या माणसांना ते लागू पडतात का, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येतं का, ते पाहायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसंही हवी होती. पण आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारलं की पहिलं उत्तर आवडलं नाही असं समजतात, आणि पाहुण्याचं मन राखायला भलं माणूस उत्तर बदलतं. त्यात 'वस्तू ठरावीक जागीच ठेवाव्या लागतात का?' हा प्रश्न. नैवेद्याच्या परडीत पांढरं फूल पूर्वेलाच, लाल दक्षिणेलाच ठेवायचं असतं. नाही कोण म्हणेल? अख्खं गाव आजारी ठरायची वेळ आली होती. डॉक्टर अर्दिका डोक्याला हात लावून बसले होते.

"एकदा विचारून तुमच्या कागदाचं समाधान होत नाही म्हण की," रास्मिनी हसली. "मग त्याचं नि माझं जमेल."

सुकर्तीही हसली, पण तिने पेन खाली ठेवलं. "का हो? तुमचं काय होतं?"

रास्मिनीने परडीतलं एक फूल उचललं आणि परत तिथेच ठेवलं. "परडी रचून होते, पण झाली असं वाटतच नाही. मोडते, परत रचते. पानं काळी पडतात. सून हल्ली बाजारातून तयार परड्या आणते. बोलत नाही काही, गुणाची आहे. पण या घरचा नैवेद्य माझ्या हातचा होता गं."

"मागल्या वेळी का नाही बोललात?"

"तुला धडधाकट माणसं हवी होती. तुझं काम कशाला बिघडवू?"

सुकर्तीला तिचा रागही आला आणि मायाही दाटून आली. मंगळवारी ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मग सगळ्यांनी बसून तो प्रश्न नव्याने घडवला : रचून झाल्यावर हात काढता येतो का? बाजारातल्या बायका म्हणाल्या, "न काढून चालेल कसं? चुलीवर भात करपेल." डॉक्टरांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला.

रास्मिनीला गोळ्या सुरू झाल्या, आणि परडी एकदाच रचायची हा सराव. सुरुवातीला ती रडायची, सुनेवर डाफरायची.

पुढे कधीतरी सुकर्ती सकाळची डोकावली. दारात परडी ठेवून, उदबत्ती लावून रास्मिनी उभी होती. निळं फूल कलंडलेलं होतं. दोन्ही हातांनी तिने कमरेचं वस्त्र घट्ट धरलं होतं. उदबत्ती विझायला आली तशी कोंबडी आली, शितं टिपली, फुलं पार उधळून गेली. सून धावणार, तोच रास्मिनीने तिला अडवलं.

"राहू दे. देवाचं घेऊन झालं, आता तिचं होऊ दे."

उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली. "आणि उद्या बाजारातून परड्या नको आणूस," ती सुनेला म्हणाली. "नुसती फुलं आण."