बाबांच्या शेजारची खुर्ची

घरात कॉम्प्युटरचं काही अडलं की हाक एकच, "मोठे, बघ गं जरा!" आणि मोठी सून हातातलं टाकून धावायची. दर रविवारी लांब राहणाऱ्या नणंदेचा व्हिडिओ कॉल. मोठी टीव्हीमागे वाकून एचडीएमआयची केबल खुपसणार, कॅमेऱ्याची यूएसबी एकदा उलटी, एकदा सुलटी करून बघणार, वायफाय हॉलपर्यंत पोचत नाही म्हणून लॅनची लांबलचक वायर ओढत आणणार. मग सासऱ्यांच्या कानाशी बसून लेकीचं एकेक वाक्य ओरडून सांगणार. बाबांच्या शेजारची ती खुर्ची तिची होती, बाकी कुणी तिथे टेकायचंसुद्धा नाही.

मग धाकटी जाऊ आली. आल्या आल्या तिनं वायफायचा नवा डबा बसवला, सगळ्या वायरी गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि बाबांचं कानातलं नवं मशीन ब्लूटूथने थेट कॉम्प्युटरला जोडून दिलं. लेकीचा आवाज सरळ कानात! बाबांचे डोळे भरून आले. "पोरीनं कमाल केली," म्हणत त्यांनी धाकटीला शेजारी बसवलं. मोठीच्या खुर्चीत!

मोठीचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं घसा फोडून ओरडले मी, आणि ही कालची आलेली एक बटण दाबून भाव खाऊन गेली? तिला दुसरं काही सुचेना. पाठच्या बहिणीला फोनवर सगळं ओकून झालं, तरी जळफळाट थांबेना. शेवटी दोघींनी मिळून बेत केला.

रविवारी बाबा अंघोळीला गेल्यावर मोठीनं त्यांचं मशीन गुपचूप आपल्या फोनला जोडलं. ते एका वेळी एकालाच धरतं, हे तिनं धाकटीच्याच तोंडून ऐकलं होतं.

कॉल लागला. टीव्हीवर नणंदेचे ओठ हलताहेत आणि बाबांना काही कळेना. धाकटीनं हे दाबून पाहिलं, ते दाबून पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. "राहू दे गं," बाबा वैतागले, "मोठीला बोलाव." अहाहा! मोठी ऐटीत येऊन आपल्या खुर्चीत बसली. धाकटी कोपऱ्यात उभी राहिलेली बघून तिला कसं गार गार वाटलं.

एवढ्यात तिचा फोन थरथरला. बहीण! ही बातमी दिल्याशिवाय राहवतंय कुठलं? ती उठून स्वयंपाकघरात पळाली.

"हॅलो? अगं, बोल ना! तुझा आवाजच येत नाहीये. हॅलो?"

पलीकडे सगळं चिडीचूप. हॉलमध्ये मात्र बाबा दचकले. त्यांचा हात कानाकडे गेला. क्षणभर ते ऐकत राहिले, मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"तुझी बहीण बोलतेय," ते म्हणाले. "विचारतेय, म्हातारा झाला का पुन्हा बहिरा?"

मोठीचा फोन तसाच कानाला.

"झाला म्हणून सांग तिला." बाबांनी कानातलं मशीन काढून ओट्यावर ठेवलं आणि ते वळले. "बाबा! अहो बाबा!" करत मोठी मागे धावली. त्यांना काही ऐकू आलं नाही.