निळ्या स्कूटरच्या मालकिणीची चौकशी

मी एक स्कूटर बोलतेय. मूळची निळी, आता रंग उन्हानं पार उडालाय.

चष्म्याच्या एका दुकानदारानं मला लेकीसाठी घेतलं. कागदोपत्री मी तिचीच. तिला पोलिसात जायचं होतं. पहाटे मला मैदानाच्या कुंपणाशी लावून ती धावायला जायची. पण माझ्यावर बसली की तिच्या अंगात वारं शिरायचं. सिग्नल पिवळा झाला की माणसं ब्रेक दाबतात. ही माझा कान पिळून वेग वाढवायची. एकदा लाल दिवा तोडला आणि दंड झाला. दुसरा दंड भरधाव वेगाचा. तेव्हा माझ्यावर तिचा दादा होता, पण गाडी तिची, म्हणून दंडही तिच्या नावावर.

तिसऱ्या चुकीची नोंद कुठेच नाही. गल्लीत उलट्या दिशेनं घुसताना एका म्हातारबांना आमचा धक्का लागला. कोपर सोललं. "जा पोरी, काही नाही झालं," ते म्हणाले. ती गेली. मग कित्येक दिवस तिनं मला हात लावला नाही.

पुढे परीक्षा पार पडली, धावणं झालं, आणि भरतीआधीच्या चौकशीला हवालदार घरी येणार असं कळलं. दादा मला पुसता पुसता म्हणाला, "दोन्ही दंड माझ्यावर ढकल. मला कुठं वर्दी घालायचीय?"

"एक तुझा, एक माझा. आणि ते आजोबा?"

"ते कुणाला माहितीय? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

हवालदार आले. अंगणातच माझ्या सीटवर कागद ठेवून लिहू लागले. "वाहतुकीचे नियम कधी मोडलेत?"

"छे हो! सरळ मुलगी आहे," वडील घाईनं म्हणाले.

"मोडलेत," ती म्हणाली. दोन्ही दंड सांगितले, कोणता कुणाचा तेही. मग म्हातारबांचं.

हवालदारांचं पेन थबकलं. "हे शेवटचं आमच्याकडे नाहीये."

"माहितीय."

"नोकरी हातची जाईल."

"लिहा तुम्ही."

नोकरी गेलीच. निवड झालेल्यांत तिचं नाव नव्हतं. आई भांडी आपटत राहिली. दादा तिच्यासमोर यायचं टाळू लागला. वडील मात्र एकदा दुकान बंद करून येताना तिला म्हणाले, "पुढच्या भरतीला बसणार ना?"

ती बसली. पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरं, एक शब्द कमी नाही. या खेपेला तिला घेतलं. का घेतलं, ते कुणी सांगितलं नाही.

ती आता दुसऱ्या गावी असते. मला दादा वापरतो, बेतानं. इंजिन थकलंय, लवकरच मी भंगारात जाईन, त्याचं वाईट वाटत नाही. मी यंत्र. वळवलं तिकडं वळले, मला कुणी कधी जाब विचारला नाही. तुम्हाला विचारतील. तेव्हा विचारणाऱ्याच्या नजरेला नजर द्या, आणि सगळं सांगा. निघते मी.