गप्प बसण्याची मुदत

“कुणी काही बोललं का गं?” वसुधाने पुन्हा विचारलं.

“नॉट येट, मावशी,” नीना लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. “सगळे क्वाएट आहेत.”

ह्यूस्टनमध्येच जन्मलेली नीना जहाजांना इंधन-पाणी पुरवणाऱ्या तिथल्या एका कंपनीची वकील. वसुधा तिथलीच कर्मचारी. तिचं काम म्हणजे, पुरवठ्याआधी जहाजाचं नाव निर्बंधांच्या यादीत नाही ना, एवढं पाहायचं. शुगर लँड या उपनगरातल्या मराठी पार्ट्यांत या नोकरीबद्दल तिला कधी कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आज मात्र घाम फुटायची वेळ होती, आणि तीही स्वेटर घालून बसावं लागणाऱ्या एसीत. युरोपियन युनियनच्या यादीत एक तेलवाहू जहाज घालायचा प्रस्ताव सत्तावीस देशांकडे फिरत होता. मतदान वगैरे काही नाही. मसुदा पाठवायचा, मुदत द्यायची. एकानेही हरकत घेतली तर अडलं, सगळे गप्प राहिले तर सगळ्यांचा होकार. मुदत ब्रसेल्सच्या संध्याकाळी पाचची, म्हणजे इथल्या सकाळी दहाची; तिथल्या एका वकिलाकडून नीनाला लॅपटॉपवर खबर येत होती.

जहाजाचं नाव ‘टेसा रोझ’. त्यावर वसुधाचा धाकटा भाऊ प्रसन्न सेकंड इंजिनिअर होता. इंजिन बंद पडून ते भूमध्य समुद्रात नांगर टाकून उभं होतं आणि पिण्याचं पाणी तळाला गेलं होतं. उद्या आत घेतो, असं एका युरोपीय बंदराने कळवलं होतं. नाव यादीत गेलं की ते बंदर दार लावणार, विमा जाणार, मालक फोन उचलायचा बंद होणार. अशी जहाजं महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात, हे वसुधाला चांगलं ठाऊक होतं. त्यातली कितीतरी तिनेच अडवली होती, आणि घरी जाऊन निवांत जेवली होती.

“इमर्जन्सीला एक्सेप्शन असतं, मावशी.”

“इमर्जन्सी म्हणजे काय? कुणीतरी मरायला टेकायचं, मग कागद करायचे?”

नीनाने नजर पुन्हा स्क्रीनकडे वळवली. वसुधाला राग तिचा नव्हता. असल्या जहाजांतून जाणाऱ्या तेलाच्या पैशावर युद्ध चालत होतं, निर्णय बरोबर होता, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. सत्तावीसांतल्या एकाला तरी आज खोकला येऊ दे रे देवा, असं ती मनात म्हणत होती. आपण हे मागतोय याची तिला लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

दहा वाजले. नीनाने थोडा वेळ वाट पाहिली आणि लॅपटॉप हलकेच मिटला.

“नोबडी ऑब्जेक्टेड. आय ॲम सो सॉरी, मावशी.”

तेवढ्यात वसुधाचा फोन वाजला. प्रसन्न होता.

“ताई, चहा झाला का? ऐक ना, उद्या पोर्टात घेतायत. कॅप्टन म्हणतो, कन्फर्म आहे. इथे पोरं आत्तापासून बॅगा भरतायत, यार! तू याच लाइनमधली म्हणून विचारतो. काही गडबड नाही ना?”

वसुधाने तोंड उघडलं.

“ताई? नाही ना?”

ती बोललीच नाही.

“झालं तर मग,” तो हसला. “काही खुपलं की तू लगेच ओरडतेस, लहानपणापासून बघतोय. तू गप्प म्हणजे सगळं ठीक. आईला सांग, उद्या नळाखाली तासभर बसणार आहे.”

त्याच्यामागे कुणीतरी हिंदीत ओरडून विचारलं, “क्या बोली दीदी?”

“हां बोली!” प्रसन्न ओरडला.

पलीकडे शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, कुणीतरी पत्र्यावर ठेका धरला. वसुधा फोन कानाला घट्ट लावून ते सगळं ऐकत राहिली.