पहिल्या पावलाची काथवट

"पळ भाकरी, पळ गं,
अंगणभर तू वळ गं,
इवली पावलं मागं आली,
थोडी हळू चल गं!"

हा आवाज माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे. पंधरा-वीस बायका एका सुरात म्हणत होत्या आणि त्यांच्या मधोमध, अंथरलेल्या पांढऱ्या कापडाच्या टोकाशी, अकरा महिन्यांची नेवेना डुलत उभी होती. भाकर उतारावरून घरंगळली. पोर तिच्यामागे धावलं, पडलं, उठलं, पुन्हा धावलं. सारं अंगण हसलं. ती भाकर माझ्या कुशीत मळलेली होती.

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. बल्गेरियाच्या उत्तरेला, डॅन्यूबच्या काठी वाढलेल्या वाळुंजाच्या एकाच ओंडक्यातून मला कोरलं. नदीकाठाने फिरणाऱ्या एका कारागिराने वाकसाने माझं पोट काढलं, मला सावलीत वाळवलं आणि स्लिवोदोल गावात योन्काच्या दारात आणून उतरवलं. योन्का तेव्हा नवी नवरी होती.

"बाई, हिला रिकामी ठेवू नकोस," तो म्हणाला. "पिठाचा ओलावा मिळाला नाही की ही तडकते."

"रिकामी कशी राहील?" योन्का लाजली. "घर भरायचंय अजून."

आमच्याकडे मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा भाकर करतात. ती आंबवत ठेवत नाहीत, घाईघाईने मळतात, म्हणजे पोर चपळ होतं. शेजारणी येतात, त्यांची पोरं येतात. कापडावर कात्री, हातोडी, पुस्तक, कंगवा असं काय काय मांडतात. पोर भाकरीमागे जाता जाता जे उचलेल, तो पुढे त्याचा उद्योग. मग भाकर मोडायची आणि तुकडा घेऊन चालत, पळत खायचा. बसून खाल्लं तर पोर आळशी होतं म्हणे. योन्काच्या लेकीने, नेवेनाने, खडू उचलला होता, आणि खरंच ती गावच्या शाळेत बाई झाली.

त्या काळी माझ्याएवढी काथवट गावात दुसरी नव्हती. ज्या घरी पाऊल पडेल त्या घरी मला उचलून न्यायचे. एका वसंतात मी नऊ अंगणं पाहिली. बायका माझ्या कडेवर थाप मारून म्हणायच्या, "हिच्यातली भाकर खाल्लेलं पोर लंगडं निघालं नाही अजून!" मला फार अभिमान वाटायचा.

पुढे नऊची पाच अंगणं झाली, पाचांची दोन. मला वाटलं, बायकांनी नव्या काथवटी घेतल्या असतील. मी लाकूड, मला काय कळणार? शिवाय मला बाहेर बोलावणं येतच होतं. भाकरी होतच होत्या. फक्त त्या आता मेलेल्यांच्या नावाने वाटायच्या असायच्या.

नेवेनाच्या मुलीच्या, कालिनाच्या, पहिल्या पावलाची भाकर माझ्यात मळली, ती गावात राहणाऱ्या पोराची शेवटची. तेव्हा ती शेवटची आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. सामाईक शेती मोडली होती, बरण्या भरायचा कारखाना बंद पडला होता, तरणी माणसं बसला हात करून जात होती. मग शाळेत सात मुलं उरली. सातांसाठी शाळा चालत नाही, असा कागद आला आणि नेवेनाच्या हातातला खडू गेला. तिचा नवरा दोन वर्षं आधीच स्पेनला बांधकामावर गेला होता.

ज्या सकाळी ती निघाली, त्या सकाळी विधवा योन्का तिच्या वाटेसाठी भाकर मळत होती. चार वर्षांची कालिना पिशवीवर बसली होती. नेवेना दारात थांबली.

"आई, एकदाच विचारते. तू राहा म्हणालीस तर मी राहीन."

योन्काने मान वर केली नाही. "जा," ती म्हणाली. "इथे काय ठेवलंय? बस चुकेल."

पण मित्रांनो, कणकेखाली काय चाललंय ते फक्त काथवटीला कळतं. तिची दहाही बोटं माझ्या तळाला अशी रुतली होती की तिच्या नखांचे ओरखडे आजही माझ्यावर आहेत.

नेवेना स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात गेली आणि म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या कामाला लागली. दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालायची, भरवायची. दर रविवारी फोन करायची.

"एकटी नाहीस ना गं तू?"

"एकटी कशाने? मिंचोकाका आत्ताच उठून गेला. राडा संध्याकाळी येते, गुडघ्यांचं रडगाणं गाते."

सुरुवातीला हे खरंच होतं. मग राडा वारली. त्या रविवारी योन्का खरं सांगणार होती. मी तिच्याकडेच पाहत होते. पण नेवेनाचा आवाज दमलेला होता. योन्का म्हणाली, "राडा? तिला काय धाड भरलीय! गुडघे दुखतात म्हणते." त्या दिवसापासून राडाचे गुडघे दर रविवारी दुखू लागले.

आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापतात. त्यावर त्याचा फोटो, नाव, वय. तो त्याच्या फाटकावर चिकटवतात. वर्ष झालं की नवा कागद. तो कोणी फाडत नाही. ऊन-पावसानेच तो न्यायचा. शहरातली मुलं यायची, पुरायची, कागद चिकटवायची, कुलूप लावायची आणि जायची. हिवाळ्यात योन्का खिडकीतून धुराडी मोजायची. अकरा, सात, चार. मिंचोकाका गेला तेव्हा तिने मोजणं सोडलं. गावात धूर एकाच घरातून येत होता, आणि आपलं धुराडं आपल्याला खिडकीतून दिसत नाही.

एवढ्याशा पोटासाठी कोण कणीक मळतो? त्सेको नावाचा ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा पावाची गाडी घेऊन यायचा, त्यातला अर्धा पाव तिला पुरायचा. मी कोठीत भिंतीला टेकून उभी राहिले आणि माझ्या पोटातून एक बारीक तडा चालू लागला.

"आजी, रेडिओवर ऐकलंस?" त्सेको एकदा म्हणाला. "एके काळी देशात नव्वद लाखांच्या घरात माणसं होती. आता पासष्टही उरली नाहीत."

"मग? त्या गेलेल्यांतली माझी तीन आहेत," योन्का म्हणाली. "बाकीच्यांचं रेडिओने बघावं."

आणि मग, कालिना स्वतः आई झाल्यावर, एका रविवारी फोनवर नेवेना आनंदाने ओरडली, "आई! कालिनाचा लिओ उभा राहिला! आता चालेलच. आम्ही येतोय गं! त्याच्या पहिल्या पावलाची भाकर आपल्या अंगणात करायची. सगळ्यांना बोलाव. राडामावशीला सांग, गाणं तिनेच म्हणायचं. मिंचोकाकाला सांग, हातोडी आण. कालिनाला आपलं गाव बघू दे."

"सांगते," योन्का म्हणाली. फोन ठेवून ती कोठीत आली आणि माझ्या कडेला धरून उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी तिने गोठ्यातली एकचाकी गाडी काढली. गाडीचा तळ गंजून गेला होता, म्हणून त्यावर मला आडवं ठेवलं. कितीतरी वर्षांनी मी गावातून निघाले. मला वाटलं, कोणाच्या तरी घरी पाऊल पडलं!

पहिलं फाटक राडाचं. योन्काने ओला फडका कागदावर दाबला, कड सुटली, तिने अलगद कागद सोलून काढला आणि माझ्या पोटात ठेवला. मग पुढचं फाटक. मग त्याच्या पुढचं. एकेक चेहरा माझ्यात येऊन पडत होता. सगळ्यांना मी ओळखत होते. कित्येकांची पहिल्या पावलाची भाकर मीच दिली होती.

चौकात त्सेकोने करकचून ब्रेक मारला.

"आजी! मेलेल्यांचे कागद काढतेस? पाप लागेल!"

"लागू दे. तू मध्ये पडू नकोस."

"अगं पण का?"

"माझी लेक येतेय. तिला मी सांगितलंय, ही सगळी आहेत म्हणून."

त्सेकोने टोपी काढली. डोकं खाजवलं. "आणि ती आल्यावर ही सगळी कुठे गेली म्हणून सांगशील?"

"प्लम तोडायला गेलीत म्हणेन."

"जूनमध्ये? पिकलेत कुठे अजून?"

"मग तू ये! रविवारी बायकोला घेऊन ये. पोरंही आण."

"माझी पोरं जर्मनीत आहेत, आजी."

"मग कोणाची तरी आण! पाव वाटत फिरतोस पंचवीस गावांत, एक पोर नाही सापडणार?"

त्सेको हसायला गेला, पण ते जमलं नाही. "पंचवीस गावांत फिरताना मी गाडीत पोरांसाठी खाऊ ठेवायचंच बंद केलंय," तो म्हणाला.

ते कागद तिला जाळवेनात. जाळणार तरी कसे, चेहरे होते ते. तिने माझ्यावर पांढरं कापड पसरलं आणि मला कोठीत ढकललं.

शनिवारी ती तिघं आली. अंगणात किती वर्षांनी मुलाचं रडणं ऐकलं मी! नेवेनाचे केस पांढरे झाले होते. कालिना आजीशी अडखळत बोलत होती, मधेच शब्द सापडेना की हसत होती. नेवेनाने येताना वाटेवरची कुलपं पाहिली होती.

"सगळी कुठे आहेत गं?"

"येतील. लांब राहतात का ती? उद्या येतील."

रविवारी सकाळी योन्काने प्लॅस्टिकचं टोपलं पुढे ओढलं. नेवेनाने ते बाजूला सारलं. "यात नाही. काथवट कुठे आहे?"

"तडकली. टाकून दिली."

"काहीतरीच! तू आणि काथवट टाकशील?" हसत हसत नेवेना कोठीत शिरली. तिने मला उजेडात ओढलं. कापड उचललं.

वर राडा होती. तिच्या खाली मिंचोकाका. नेवेना गुडघ्यांवर बसली. एकेक कागद उचलू लागली, नाव वाचू लागली, तारीख वाचू लागली.

"मिंचोकाका तर गेल्या रविवारी..." ती म्हणाली.

"तीन वर्षं झाली," दारातून योन्का म्हणाली.

"आणि राडामावशी?"

"सहा."

"आई, गावात कोण आहे?"

उत्तर माझ्या पोटात रचून ठेवलेलं होतं.

पुढचं सांगायला जड जातं, मित्रांनो. भाकर झाली. त्सेको एकटाच आला, बायको आजारी आहे म्हणाला. गाणं योन्काने एकटीने म्हटलं आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज बसला. भाकर घरंगळली. लिओ तिच्यामागे निघाला. कात्री, हातोडी, खडू, कशाकडेही त्याने पाहिलं नाही. भाकर उघड्या फाटकातून बाहेर गेली, उतरत उतरत समोरच्या राडाच्या कुलूप लावलेल्या फाटकाला आपटून पडली, आणि पोर मधेच रस्त्यात बसून रडू लागलं. मग तीन बायका आणि एक ड्रायव्हर हातात तुकडे घेऊन अंगणात गोल गोल चालत राहिले. पळायला कोणी नव्हतंच.

आठवड्याने ती तिघं परत गेली. नेवेना योन्काला चल म्हणाली होती. योन्का म्हणाली, "मग धूर कुठून निघायचा?"

पुढच्या हिवाळ्यात तोही थांबला. ते त्सेकोलाच आधी दिसलं. नेवेना एकटी आली. तिने आईला पुरलं. मग माझ्यात मूठभर पीठ पाण्यात कालवलं. मला क्षणभर वाटलं, भाकर! पण ती खळ होती. त्या खळीने तिने सगळे कागद ज्याच्या त्याच्या फाटकावर परत चिकटवले आणि उरलेल्या खळीने आईचा, आमच्या फाटकावर. माझ्यात भिजलेलं ते शेवटचं पीठ. मला विमानात कोण घेणार? ती मला घासून, पुसून, भिंतीला टेकवून गेली.

तडा आता माझ्या दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचला आहे. या गावात मला हात लावायला कोणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडून मला तेल नको, पाणी नको. एवढंच मागते: कोणी दारात उभं राहून विचारलं, मी राहू का, तर कामात हात लपवून उत्तर देऊ नका. काथवटीला सगळं कळतं, पण काथवटीला बोलता येत नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं, ते अजून सांगायचं राहिलंय. लिओच्या भाकरीच्या त्या रविवारी, कागद बाकावर रचून ठेवल्यावर, नेवेनाने मला धुतलं, पीठ ओतलं, पाणी सोडलं. एका बाजूने ती मळू लागली, दुसऱ्या बाजूने योन्का. चार हात एका कणकेत.

"आई," नेवेना म्हणाली, "त्या दिवशी मी तुला एकदाच विचारलं होतं."

"आठवतं."

"तू म्हणालीस, जा."

कणकेखाली योन्काची बोटं माझ्या तळाला आली, त्या जुन्या ओरखड्यांवर येऊन थांबली. पण या वेळी ती रुतली नाहीत. तिने हात वर काढले, कणकेने माखलेले, आणि लेकीसमोर तसेच धरले.

"राहा म्हणायचं होतं, पोरी," ती म्हणाली. "दर रविवारी म्हणायचं होतं. राहा म्हणायचं होतं मला."