ज्वालामुखीपाशी वरणभात

बिशान या परदेशी उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बोलिव्हियाच्या सहलीची बॅग भरताना नंदानं त्यात छोटा कुकर कोंबला, तेव्हा अभय हसला. "बाईसाहेब, ज्वालामुखी बघायला चाललोय, पंगतीला नाही."

पण त्या उंच पठारावरच्या विरळ हवेत पातेल्यातली डाळ शिजायचं नावच घेईना. लहानग्या श्रियानं दोन दिवस बिस्किटांखेरीज काही खाल्लं नव्हतं. आजही ती जेवली नाही, तर उद्या बघायचं मैलोन्‌मैल पसरलेलं मिठाचं मैदान न बघताच खाली उतरायचं ठरलं होतं.

नंदानं कुकर काढला. शिट्ट्या झाल्यावर अभयनंच लेकीला वरणभात कालवून दिला. तिनं ताटली चाटूनपुसून साफ केली.

"आई, नाइस. बट मीठ कमी, ला," ती बिशानच्या शाळेतल्या मुलांसारखं शेवटी 'ला' जोडत म्हणाली.

"उद्या देते हो," नंदा म्हणाली, "नजर पोचेल तिथपर्यंत."