तातेरावांनी दिलेला खांदा

माझे मालक तातेराव यांचं बायपासचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. छातीचं हाड मधोमध कापून परत तारांनी बांधलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने जड उचलायचं नाही. हातावर जोर देऊन उठायचंसुद्धा नाही." आमच्या गावी, धावड्याला आल्यावर मी त्यांना पाण्याची कळशीही धरू दिली नाही.

दुसऱ्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ कल्याण वारले. बापामागं त्यांनीच यांना वाढवलं होतं. बुद्धवंदना झाली, तिरडी उचलायची वेळ आली, तसे हे पुढे सरले.

"बाबा, तुम्ही नुसता हात लावा," आमचा सूरज म्हणाला.

"हात पाव्हणे लावतेत. मी भाऊ हाय."

भावकीतलं कुणी आडवं आलं नाही. एकानं तर म्हटलं, "देऊ द्या, मन हाय त्याचं." वेशीपर्यंत त्यांनी खांदा दिला.

त्यानंतर कूस बदलली की त्यांच्या छातीत कट कट वाजायचं. मी विचारलं तर म्हणाले, "तुला ऐकू येतंय? मंग कान बराबर हायेत तुझे." हसले, आणि हसता हसता छाती दाबून धरली. डॉक्टरकडं चला म्हटलं तर ऐकेनात. मग ताप चढला. टाक्यांतून पू आला, तेव्हा त्यांना परत संभाजीनगरला नेलं.

डॉक्टर म्हणाले, "तारा हाडात रुतून हाड सुटलंय, आत जंतू गेलेत. असं क्वचितच होतं. पुन्हा उघडून सडलेलं हाड काढावं लागेल. छातीचं मांस वळवून खड्डा भरावा लागेल."

"वाचतील का?"

"नाही केलं तर नाही. केलं तरी खात्री देत नाही."

मालक म्हणाले, "नंदे, मला घरी ने. पुन्हा करवत न्हाई."

"भावासाठी उठलात ना? आता माझ्यासाठी पडून राहा."

ते भिंतीकडं तोंड करून राह्यले. मग म्हणाले, "बोलाव डाक्टरान्ला."

ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी घरी आणलं. छातीच्या मध्ये आता हाड नाही. अंग पुसताना कातडीखाली काळीज उडताना दिसतं. पहिल्या दिवशी माझा हातच थांबला.

"भरलं का गं?" एक दिवस अंग पुसताना त्यांनी विचारलं.

जखमेच्या खालच्या टोकाला पुन्हा पिवळसर ओल होती.

"न्हाई भरलं," मी म्हणाले, आणि सूरजला हाक मारली, "जल्दी गाडी बोलाव."

या खेपेला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नुसता माझा हात धरला.